स्वस्त पाना, महाग बोल्ट

उजनी धरणाचं पाणी उतरायला लागलं की इंदापूर तालुक्यात पान्यांचं काम वाढतं. भिगवण, पळसदेव, कळाशी या पट्ट्यातल्या शेतकऱ्यांच्या मोटारी भीमेच्या फुगवट्याच्या काठाला बसवलेल्या असतात. उन्हाळ्यात पाणी जसं मागे सरकतं, तशी मोटारही त्याच्या मागे न्यावी लागते. पाइप वाढवायचे, केबल वाढवायची, फुटव्हॉल्व्ह पुन्हा बुडवायचा. 2024 च्या उन्हाळ्यात धरणाचा उपयुक्त साठा उणे 50 टक्क्यांच्याही खाली गेला होता. तेव्हा मोटारी काठापासून कुठच्या कुठे नेलेल्या होत्या. अशा प्रत्येक हलवाहलवीत फ्लँजचे बोल्ट खोलावे लागतात आणि नव्या जागी पुन्हा आवळावे लागतात. हे बोल्ट पाण्यात आणि गाळात राहिलेले, गंजाने नटाशी एकजीव झालेले असतात.

या बोल्टावर आठवडी बाजारातल्या ताडपत्रीवरून उचललेला पाना घातला आणि जोर लावला, तर बोल्ट सुटेलही. नाही सुटला, तर पान्याचा जबडा किंचित फाकतो, पाना सटकतो आणि बोल्टाचे कोपरे घासले जातात. दोनदा असं झालं की बोल्ट गोल होतो. मग त्याला चांगला पानाही लागत नाही. छिन्नी-घण घेऊन तो फोडायचा, नाहीतर ग्राइंडर आणायचा. ग्राइंडरला वीज हवी, आणि शेतीची वीज ठरलेल्या तासांतच येते. तोवर उसाच्या पाण्याची पाळी चुकते. पाना स्वस्तात मिळाला होता, पण पाळी चुकल्याचा खर्च त्याच्या कितीतरी पट जास्त असतो.

म्हणून स्वस्त हत्यारं घ्यावीत का, या प्रश्नाचं उत्तर हत्याराच्या किमतीत शोधून सापडत नाही. हत्यार ज्याला लागतं, त्याची किंमत आधी पाहावी लागते. पाना बोल्टाला लागतो, कात्री झाडाला लागते, पक्कड जिवंत तारेला लागते. हत्यार फसलं तर पलीकडे काय बिघडतं, हे एकदा ठरवलं की कुठे पैसे वाचवायचे आणि कुठे नाही ते बरंचसं आपोआप ठरतं. शिकंज्याच्या, म्हणजे सी-क्लॅम्पच्या, बाबतीत तर उत्तर अनेकांच्या अपेक्षेपेक्षा वेगळं येतं.

आधी पान्याचंच पाहू. 12 मिलिमीटरच्या बोल्टाच्या डोक्याला आपल्याकडे बहुधा 19 चा पाना लागतो. नव्या आंतरराष्ट्रीय मापाचा बोल्ट असेल तर 18 चा. 18-19 असा दुतोंडी पाना गॅरेजमध्ये हाताशी का लागतो, ते यावरून कळेल. पान्याचं तोंड बोल्टापेक्षा किंचित मोठं असावंच लागतं, नाहीतर ते बसणार नाही. पण ही मोकळीक दशांश मिलिमीटरात मोजावी इतकीच असते. त्याहून सैल पाना बोल्टाच्या सपाट बाजूला न टेकता कोपऱ्यांवर टेकतो, आणि सगळा जोर दोन कोपऱ्यांवर येतो. रिंग पाना सहाही कोपऱ्यांना धरतो, त्यामुळे गंजलेल्या बोल्टाला तोच घालावा. उघड्या तोंडाचा पाना जागा नसेल तिथे, किंवा बोल्ट एकदा हलल्यावर भराभर फिरवायला. एवढं पाळलं तर मध्यम दर्जाचा रिंग पानाही महागड्या उघड्या पान्यापेक्षा चांगलं काम देतो. पैसे कमी असतील, तर अख्ख्या सेटऐवजी आपल्या मोटारीला, ट्रॅक्टरला आणि फ्लँजला लागणारे चार-पाच रिंग पाने चांगले घ्यावेत.

मॉलमध्ये किंवा मोबाइलवरून मिळणारा शेहेचाळीस नगांचा डबा अनेकांच्या घरात आहे. छोटा रॅचेट, खोबणीत बसवलेले सॉकेट, चकचकीत मुलामा. दुचाकीचं सीटखालचं झाकण, पंख्याचा स्क्रू, सायकल, मिक्सर यांना तो पुरतो, आणि एवढ्यासाठी तो घेण्यात मला काही गैर वाटत नाही. पण रॅचेटच्या आतले दाते बारीक असतात. त्याच्या दांड्यात पाइप घालून ट्रॅक्टरच्या चाकाचा नट सोडवायला गेलं, तर दाते झडतात. झटक्यासरशी हात बोनेटवर आपटतो आणि बोटं फुटतात. डब्यावर ‘क्रोम व्हॅनेडियम’ असं ठसठशीत छापलेलं असतं. ते खरं असेलही. पण मिश्रधातू कोणता, याच्याइतकंच त्याला पाणी कसं दिलं, हे महत्त्वाचं असतं, आणि ते डब्यावर लिहिलेलं नसतं.

लोहाराच्या भाषेत पाणी देणं म्हणजे तापवलेलं पोलाद पाण्यात किंवा तेलात एकदम थंड करणं. त्याने पोलाद कडक होतं, पण ठिसूळही होतं. म्हणून ते पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा उतरवावा लागतो. हा दुसरा टप्पा वेळ खातो, इंधन खातो, आणि स्वस्त मालात पहिली काटछाट इथेच होते. पाणी कमी पडलं तर पाना मऊ राहून फाकतो. दुसरा टप्पा चुकला तर तो काडकन तुटतो. वरून मुलामा चढवल्यावर दोन्ही पाने सारखेच दिसतात.

दुसरी काटछाट घडणीत होते. लोखंडी वस्तू दोन मार्गांनी आकाराला येते: ओतून किंवा घडवून. बारामतीच्या एमआयडीसीत भारत फोर्जचा कारखाना आहे, त्यामुळे ड्रॉप फोर्जिंग हा शब्द इथल्या आयटीआयच्या पोरांना शिकवावा लागत नाही. तापलेलं पोलाद साच्यात ठेवून त्यावर जबर घाव घातला की धातूचे कण वस्तूच्या आकाराप्रमाणे वळतात आणि वाकणाच्या जागी ताकद टिकते. ओतीव बिडात असं होत नाही. साध्या करड्या बिडात कार्बन पापुद्र्यांच्या रूपात असतो, आणि ताण आला की चीर त्या पापुद्र्यांवरूनच धावते. बीड दाबाला उत्तम असतं, म्हणून मोटारीचं बूड किंवा व्हाइसचा बैठा भाग बिडाचा चालतो. ताणाला मात्र ते कच्चं. एसजी आयर्न नावाच्या बिडात कार्बन गोळ्यांच्या रूपात राहतो, त्यामुळे ते बरंच चिवट असतं आणि त्याचे शिकंजे चांगले टिकतात.

दुकानात हे ओळखायचा एक जुना उपाय आहे. वस्तू बोटावर तोलून दुसऱ्या पान्याने हलकेच टोला द्यावा. घडीव पोलाद खणखणतं आणि नाद थोडा वेळ रेंगाळतो. करडं बीड बद्द वाजतं, कारण त्यातले कार्बनचे पापुद्रे कंपनं गिळतात. या परीक्षेला दुकानदार सहसा हरकत घेत नाही.

आता शिकंजा. सुतार त्याला शिकंजा म्हणतो, फॅब्रिकेशनवाला सी-क्लॅम्प. आकार इंग्रजी सी अक्षराचा, एका टोकाला आट्यांचा स्क्रू. हाताने आवळलेला मध्यम आकाराचा शिकंजासुद्धा काहीशे किलोंचा दाब देतो, कारण स्क्रूचे आटे हाताच्या थोड्या जोराचं मोठ्या दाबात रूपांतर करतात. पण सुताराला एवढा दाब लागतच नाही. दाराच्या चौकटीचा सांधा फेव्हिकॉल लावून धरायचा, तर फळ्या एकमेकींना नीट टेकल्या की झालं. फार आवळलं तर गोंदच बाहेर निघून जातो. लागतात ते शिकंजे पुष्कळ. एका दाराला सहा-आठ हवेत, आणि गोंद वाळेपर्यंत ते अडकून पडतात. शिवाय शिकंज्यावर येणारा भार स्थिर असतो, त्याला हिसके बसत नाहीत. हळूहळू आवळताना तो वाकायला लागला, तर डोळ्यांना दिसतं आणि आपण थांबतो.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की हत्यारांच्या सगळ्या पसाऱ्यात स्वस्तात घ्यायला सर्वांत योग्य वस्तू शिकंजा हीच आहे. एकाच्या किमतीत चार मिळत असतील, तर सुताराने चार घ्यावेत. फक्त घेताना तीन गोष्टी पाहाव्यात. स्क्रू पूर्ण मागे-पुढे फिरवून आटे कुठे अडखळतात का ते बघावं. स्क्रूच्या टोकाची फिरती टोपी पक्की बसली आहे ना, ते बघावं, कारण स्वस्त शिकंज्यात पहिली निखळते ती टोपी. आणि शिकंजा रिकामाच आवळून टोपी समोरच्या जबड्याच्या मध्यावर येते की बाजूला, ते पाहावं. बाजूला येत असेल तर तो फळी सरकवत राहील. लांब पट्टीच्या एफ-क्लॅम्पला चौथी परीक्षा: सरकता जबडा पट्टीवर तिरका होऊन घट्ट बसतो की घसरतो. पट्टीच्या कडेला बारीक दाते पाडलेले असतील तर तो बहुधा धरतो.

फॅब्रिकेशनच्या शेडमध्ये हिशेब थोडा बदलतो. बारामती-इंदापूरला उसाच्या ट्रॉल्या, गोठ्याचे शेड, गेट, ठिबकचे स्टँड असं काम वर्षभर चालतं. वेल्डिंगचे तप्त थेंब उडून स्क्रूच्या आट्यांत बसतात आणि शिकंजा जाम होतो. चांगल्या वेल्डिंग क्लॅम्पच्या स्क्रूवर तांब्याचा मुलामा असतो, त्याला हे थेंब चिकटत नाहीत. स्वस्त शिकंजा घ्यायचाच असेल तर आट्यांना ग्रीस लावून ठेवावं आणि आटे आगीकडे न ठेवता खालच्या बाजूला ठेवावेत. ट्रॉलीचं जड चॅनेल सरळ खेचून आणायचं असेल तेव्हा मात्र घडीव शिकंजाच वापरावा. तिथे बीड तुटलं, तर तुकडा गोळीसारखा सुटतो.

आणि एक क्लॅम्प असा आहे, की ज्यात रुपयाचीही काटकसर करू नये. बारामतीच्या जिरायती भागात, सुपे-मोरगावकडे, बोअर शेकडो फूट खोल जातात. सबमर्सिबल मोटार जळाली की तिपाई उभी करून, चेनपुली लावून पाइपांची अख्खी माळ वर ओढावी लागते. एक पाइप बाहेर आला की खालचा पाइप दोन पाख्यांच्या क्लॅम्पने बोअरच्या तोंडावर धरायचा, वरचा सोडवायचा, मग पुढचा ओढायचा. त्या क्षणी खालची सगळी माळ, मोटार, केबल आणि पाइपातलं पाणी हा सारा भार त्या क्लॅम्पवर असतो. क्लॅम्प घसरला तर मोटार बोअरच्या तळाला जाते. ती काढता आली नाही तर बोअरच गेला. मोटार काढणाऱ्या जाणत्या टोळ्या क्लॅम्पचे बोल्ट प्रत्येक कामाआधी हाताने फिरवून पाहतात, आटे गेलेला बोल्ट बाजूला टाकतात आणि पाइपावरची ओल पुसून घेतात. शेतकऱ्याने टोळी ठरवताना मजुरीबरोबर त्यांचा क्लॅम्पही पाहावा.

क्लॅम्पच्या कुळातलाच आणखी एक, आकाराने लहान: पाइपावर आवळायची होज क्लिप, जिला दुकानात जुबली क्लिपही म्हणतात. ब्रिटिश नौदलातल्या लम्ले रॉबिन्सन यांनी 1921 मध्ये तिचं पेटंट घेतलं. ठिबकच्या फिल्टरजवळ आणि इंजिनाच्या पाण्याच्या नळीवर ती सगळीकडे दिसते. तिचा पट्टा स्टेनलेसचा आणि स्क्रू साध्या लोखंडाचा असा माल बाजारात फार येतो. स्क्रू गंजला की पट्टा कितीही चांगला असो, क्लिप कापूनच काढावी लागते. लोहचुंबक जवळ नेऊन स्क्रू तपासावा. जोराने चिकटला तर तो बहुधा साधाच.

पकडीबद्दल बोलताना मी सूर बदलतो, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. मोटारीच्या स्टार्टरमध्ये 415 व्होल्टचा थ्री-फेज दाब असतो. लाल-निळ्या प्लॅस्टिकची मूठ असलेली प्रत्येक पक्कड विजेच्या कामाची नसते. मूठ हाताला रुतू नये म्हणून घातलेली असते, वीज अडवण्यासाठी नव्हे. विजेच्या कामाच्या पकडीवर दुहेरी त्रिकोणाची खूण आणि 1000 व्होल्ट असं कोरलेलं असतं. ती प्रत्येक नग तपासून विकलेली असते. तरीही पुरवठा बंद करूनच हात घालावा. टेस्टरचंही तेच. त्यात एक रोधक असतो, जो अंगातून जाणारा प्रवाह अगदी नगण्य ठेवतो. तो रोधक हलक्या दर्जाचा असेल तर टेस्टर हातात धरणं हाच धोका. नाशिकच्या सातपूरला तापारियाचा कारखाना आहे, आणि गावोगावच्या गॅरेजमध्ये त्यांच्या पकडी वर्षानुवर्षं दिसतात. अशा माहीत असलेल्या कंपनीची पक्कड आणि टेस्टर घेताना दोन-तीनशे रुपये जास्त जातील. ते जाऊ द्यावेत.

कापणाऱ्या हत्यारांत पैसा धारेत घालावा, मुठीत नाही. हॅक्सॉची फ्रेम कुठलीही चालते, पान मात्र बायमेटलचं घ्यावं: पाठ लवचिक, दाते हायस्पीड स्टीलचे. जाड लोखंडाला इंचाला 18 दात्यांचं, पातळ पाइपाला 24 चं, म्हणजे कापताना निदान दोन-तीन दाते एका वेळी धातूवर राहतात आणि झडत नाहीत. कानस स्वस्तातली कधीच घेऊ नये. मऊ कानस दोन कामांत गुळगुळीत होते, आणि तिला पुन्हा धार लावता येत नाही.

इंदापूरच्या डाळिंब आणि द्राक्षबागांत छाटणीची कात्री हा स्वतंत्र विषय होईल. द्राक्षाची खरड छाटणी उन्हाळ्यात, फळछाटणी पावसाळा संपताना. दोन्ही वेळा मजूर दिवसभर कात्री चालवतो. बोथट कात्री काडी कापत नाही, चेपते. चेपलेली जखम उशिरा भरते आणि रोगाला वाट देते. डाळिंबात तेल्या रोगाची लागण एका झाडाच्या कात्रीतून दुसऱ्या झाडात जाते, म्हणून प्रत्येक झाडानंतर कात्री सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायला सांगतात. हे द्रावण लोखंड खातं. मुलामा पातळ असेल तर काही दिवसांत पात्यावर खड्डे पडतात, आणि त्या खड्ड्यांत झाडाचा रस साचून राहतो. म्हणजे रोग टाळण्यासाठी बुडवलेली कात्रीच पुढे रोगाचं घर बनते. लुधियानात बनणारी फाल्कनची कात्री इथे पुष्कळ चालते. स्वित्झर्लंडची फेल्को त्याहून कितीतरी महाग, पण तिचं पातं, स्प्रिंग, बोल्ट सगळं सुटं मिळतं. कोणतीही घ्या, पण पातं सुटं बदलता येतं का, हे आधी विचारा. संध्याकाळी साध्या पाण्याने धुऊन, पुसून, तेलाचं बोट फिरवणं हे दोन्हींना सारखंच लागतं.

स्वस्त हत्यार म्हणजे वाईट हत्यार, असं मात्र नाही. याचं सर्वांत चांगलं उदाहरण साखर कारखान्यांच्या फडात दिसतं. ऊसतोडीला येणाऱ्या नवरा-बायकोच्या जोडीला मुकादमाच्या हिशेबात एक ‘कोयता’ म्हणतात, इतकं ते हत्यार त्या जगण्याशी जोडलेलं आहे. हा कोयता कुठल्या मोठ्या कंपनीचा नसतो. लोहार किंवा रस्त्याकडेला पाल ठोकून बसलेलं घिसाडी कुटुंब तो बनवतं, बऱ्याचदा जुन्या ट्रकच्या पाट्यापासून. पाट्याचं पोलाद स्प्रिंगचं, मुळातच चिवट. घडवणारा समोर बसलेला असतो. धार उतरली तर त्याच्याकडेच शेवटायला नेता येतं. भंगार कुठलं उचलावं हे तो ठिणग्यांवरून ओळखतो: सहाणेवर धरल्यावर फांद्या फुटणाऱ्या दाट ठिणग्या उडाल्या तर कार्बन भरपूर, लांब सरळ रेषा उडाल्या तर मऊ लोखंड. स्वस्त आणि चांगलं एकत्र यायचं असेल, तर बनवणारा किंवा विकणारा पुन्हा भेटायला हवा.

युरोपात सुपरमार्केटची स्वस्त हत्यारं लोक निर्धास्तपणे घेतात, त्याचं कारणही हेच आहे. लिडल या साखळी दुकानांचा पार्कसाइड हा स्वतःचा ब्रँड आहे. भाजी-दुधाबरोबर तिथे शिकंजे, ड्रिल, करवती विकायला असतात. युरोपीय संघाच्या नियमानुसार ग्राहकाला वस्तूवर निदान दोन वर्षांचं कायदेशीर संरक्षण असतं. बिघडलं तर बिल घेऊन त्याच दुकानात जायचं. जर्मनीत राहणारी मराठी मंडळी हौसेने असे शिकंजे घेतात आणि सुट्टीत इकडे येताना बॅगेत घालून आणतात. पण ते संरक्षण बॅगेतून येत नाही. आपल्याकडे ग्राहक संरक्षण कायदा 2019 चा आहे आणि सदोष मालाबद्दल दाद मागता येते, पण त्यासाठी पक्कं बिल लागतं. बाजारात टेम्पो लावून विकणारा पुढच्या आठवड्यात कुठल्या गावात असेल, ते सांगता येत नाही. म्हणून तेवढाच स्वस्त माल गावातल्या हार्डवेअरच्या दुकानात बिलासह मिळत असेल, तर तिथूनच घ्यावा.

हत्यारावर आयएसआयची खूण असेल तर ती नीट वाचावी. खुणेच्या वर मानकाचा क्रमांक असतो, उघड्या तोंडाच्या पान्यासाठी आयएस 2028 असा, आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा परवाना क्रमांक. बीआयएस केअर या ॲपवर तो क्रमांक टाकला की परवाना कोणाचा आहे आणि चालू आहे का, ते दुकानात उभ्या उभ्या कळतं. नुसती खूण असेल आणि खाली क्रमांकच नसेल, तर ती खूण धरू नये.

पैसे कमी आणि काम जड, अशी अडचण असेल तर तिसरा रस्ता आहे. पुण्याचा जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. कारखान्यांतून निघालेले जुने घडीव पाने, पाइप पाने, घण, व्हाइस तिथे येतात. अशा पान्यावर गंज असला तरी चालेल, तो घासून जातो. बघायचं ते जबड्याच्या आतल्या बाजूला: तिथे दोन्ही गाल समांतर आहेत का, कोपरे झिजून वाटोळे झालेत का. खिशात 12 चा नवा बोल्ट घेऊन जावं आणि 19 चा पाना त्यावर बसवून हलवून बघावा. पाइप पान्याचे दाते तुटलेले नकोत. छिन्नीचं डोकं घावांनी फुलून कडेला पाकळ्या सुटलेल्या असतील तर ती घेतल्यावर आधी ग्राइंडरवर घासून घ्यावी, कारण पुढचा घाव बसताना तीच पाकळी उडून डोळ्यात जाते. आणि वेल्डिंग करून जोडलेला पाना, मग तो कितीही नामांकित कंपनीचा असो, परत ठेवून द्यावा. वेल्डिंगच्या उष्णतेने त्याचं पाणी उतरलेलं असतं.